मोकळा चौक

"लग्न कोणाचं हाय?"

बुधीआजी उंबऱ्यावरच थांबली. एक पाय बालवाडीत, एक बाहेर उन्हात.

कुंदाताईंना वाटलं, आजींना नीट ऐकू आलं नसेल. त्या जवळ गेल्या. "लग्न नाही हो आजी. मुलांनी देवीचा चौक काढलाय भिंतीवर. तुम्ही फक्त समोर बसून गाणं म्हणायचं. सांगितलं होतं ना मी?"

"गाणं म्हणीन. लग्न कोणाचं?"

त्या प्रश्नाचं एक उत्तर कुंदाताईंपाशी होतं, आणि ते त्यांनी देवीशिवाय कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

गेल्या माघात त्या महालक्ष्मीच्या गडावर गेल्या होत्या. एकट्याच. ओटी भरली, गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि पुटपुटल्या, "आई, माझ्या ऋजुताचं लग्न जुळू दे. तुझा पालघटीचा चौक मी निष्पाप हातांनी भरवून घेईन. लहान लेकरांच्या हातांनी."

नवस बोलून झाला आणि त्यांना कितीतरी दिवसांनी भूक लागली.

ऋजुता ही त्यांची एकुलती एक मुलगी. नाशकात नोकरी करते. तिचं लग्न ठरलेलं होतं, मुहूर्तही काढला होता, आणि मग ते मोडलं. का मोडलं हे ऋजुतानं नीटसं कधी सांगितलं नाही. कुंदाताईंनी विचारलं की ती म्हणायची, "आई, तो विषय नको." तो विषय मग कुंदाताई देवापाशी काढायच्या. आधी सोळा सोमवार झाले. मग शुक्रवार. चातुर्मासात एकवेळचं जेवण. यजमान म्हणाले, "अगं, देवालाही थोडी उसंत दे." त्या हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मौन धरलं.

यजमानांच्या शाळेच्या नोकरीमुळे त्या जव्हारकडे आल्या आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिल्या. करंजपाड्यावर लहान मुलांसाठी बालवाडी चालवू लागल्या. वारल्यांच्या घरची लग्नं त्यांनी पाहिली होती. गेरूनं सारवलेली लाल भिंत, तिच्यावर तांदळाच्या पिठाच्या पाण्यानं सवाष्णींनी भरलेला चौक, चौकात उभी पालघट देवी, आणि समोर बसून गाणारी धवलेरी. ती गाते आणि तीच लग्न लावते. तिच्या गाण्याशिवाय चौक पुरा होत नाही.

पहिल्यांदा तो चौक पाहिला तेव्हा कुंदाताईंचे हात आपोआप जोडले गेले होते. त्या स्वतः दर चैत्रात अंगणात चैत्रांगण काढायच्या. गौरीची पावलं, कासव, सूर्य, चंद्र, तुळस. ते सगळं इथे भिंतीवर चढून बसलंय, असं त्यांना वाटलं होतं.

आणि आज या पंचक्रोशीतली सर्वांत जुनी धवलेरी त्यांच्या दारात उभी होती. आत यायला तयार नव्हती.

"आजी, उन्हात नका थांबू. पाणी तरी घ्या."

"पाणी घेईन."

ती आत आली. तांब्यातलं पाणी वरून प्यायली. मुलं भिंतीच्या कडेला ओळीनं बसली होती, शिकवल्याप्रमाणे हाताची घडी, तोंडावर बोट. आजीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"ही पोरं आजारी हायेत का?"

एक मुलगा फसकन हसला. मग सगळीच हसली. घड्या सुटल्या, बोटं सुटली.

आजी भिंतीपाशी गेली. मधला चौक हिरव्या साडीनं झाकलेला होता. लग्नाच्या घरी देवीवर कापड टाकतात हे कुंदाताईंनी पाहून ठेवलं होतं. आजीनं साडीला हात लावला नाही. ती आजूबाजूची चित्रं बघत सावकाश पुढे सरकत राहिली. नाक भिंतीला लागेल इतक्या जवळून.

"हा कोण?"

"माझा बा," एक मुलगा म्हणाला. "ताडावर चढलाय."

"उतरणार कधी?"

"ताडी भरली की."

आजीनं मान हलवली. पुढे सरकली. "आणि ही कोंबडी?"

"ती कुणाची नाय. ती अशीच येते," एक मुलगी म्हणाली.

"येऊ दे."

पुढे एक मोठं झाड होतं. इतकं दाट की त्याच्या फांद्यांत फांद्या घुसल्या होत्या. आजीनं डोळे बारीक केले. "याच्या बुडाशी काय लपलंय?"

झाडाच्या मालकानं कुंदाताईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मोटरसायकल होती ती," कुंदाताई म्हणाल्या. "मी समजावलं त्याला. वारली चित्रात मोटरसायकल नसते. मग त्यानं तिच्यावर झाड काढलं."

"नसते?"

"म्हणजे... परंपरेत..."

"मी आले ती काय बैलावर बसून आले? माझा नातू सोडून गेला मोटरसायकलवर." आजी मुलाकडे वळली. "पेट्रोल हाय ना रं झाडात?"

मुलं लोळायला लागली. कुंदाताईंनाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं. आजी आता साडीपाशी पोचली होती.

तिनं साडीचा काठ बोटांत धरला. वास घेतला.

"डांबराच्या गोळ्या."

"हो. बरेच दिवस कपाटात होती."

"नवी हाय. घडी मोडली नाय कुणी." आजीनं काठ सोडला. "बाय, ही साडी कुणासाठी घेतली होतीस?"

बालवाडीच्या मागे चुलीवर खिचडी रटरटत होती.

"माझ्या मुलीसाठी," कुंदाताई म्हणाल्या.

"तिचं लग्न हाय?"

"ठरलं होतं. मोडलं." मग एकदम सगळं बाहेर आलं, हलक्या आवाजात, मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून. गड, ओटी, नवस. "मी म्हटलं होतं, लग्न जुळू दे, मी लेकरांच्या हातून तुझा चौक भरवून घेईन. पण जुळेचना. मग मला वाटलं, आधीच भरवावा चौक. देवी बघेल. मुलांच्या हातांना ती नाही म्हणणार नाही..."

"नवस आधीच फेडलास?"

"हो."

"वीटभट्टीचा शेठ मजुरांना उचल देतो, तशी तू देवीला उचल दिलीस." आजीच्या तोंडात उरलेले दोनचार दात दिसले. "आता ती तुझ्याकडं कामाला बांधली."

कुंदाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "असं नका म्हणू हो. मी वाईट मनानं नाही केलं."

"नाय केलं." आजीचा आवाज उतरला. "मला ठाऊक हाय, नाय केलं."

तिनं साडी बाजूला केली.

लाल भिंतीवर पांढरा चौक. कडेनं वेल, नागमोडी रेघा, कोपऱ्यात सूर्य आणि चंद्र. मधे देवी. सरळ, रेखीव, दोन्ही बाजू अगदी सारख्या. बाकीच्या भिंतीवर कोणाचा हात वाकडा, कोणाची कोंबडी गाईएवढी. इथे मात्र एकही रेघ थरथरली नव्हती.

आजी खाली बसली. चित्राकडे नाही, मुलांकडे तोंड करून.

"ही कुणी काढली?"

"सोमीनं काढली," कुंदाताई म्हणाल्या. "तिचा हात छान आहे. सोमे, सांग ना आजींना."

सोमी सगळ्यांत लहान. केसांना तेल, फ्रॉकला एक बटण. ती उठून उभी राहिली. "मी नाय म्हणले होते."

"का गं?" आजीनं विचारलं.

"घरात लग्न नाय ना. लग्न नसलं तर देवीला नाय काढायची. माझी आयस म्हणते."

"मग काढलीस कशी?"

सोमीनं आपला उजवा हात पुढे केला. मनगट डाव्या हातात धरून दाखवलं. "बाईंनी असा धरला."

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. कसं झालं ते तिनं सांगितलं, एवढंच.

कुंदाताईंना तो दिवस आठवला. बांबूची काडी चावून मऊ केलेली, टोकाला पांढरं पाणी. सोमी मागे मागे सरत होती. त्यांना वाटलं, पोर लाजतेय. त्यांनी प्रेमानंच तिचं मनगट धरलं होतं. "घाबरू नको हं, मी आहे ना," असंही म्हणाल्या होत्या. त्या इवल्या मनगटातला ताण त्यांच्या तळव्याला जाणवला होता. तेव्हा नाही समजला. आत्ता समजला.

"सोमी लहान आहे आजी," त्या म्हणाल्या. "लहान मुलांना हात धरूनच शिकवावं लागतं."

"आणि तुझी पोर? ती केवढी हाय? तिला ठाऊक हाय, तू इथं काय मांडलंस ते?"

"नाही."

"लग्न करायचं का, ते इचारलंस?"

कुंदाताई पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "ती म्हणते, तो विषय नको."

आजी उठली, मागच्या बाजूला गेली, चुलीवरच्या पातेल्यात डोकावली. "झाली खिचडी. पानं आणा रं पोरांनो."

मुलं धावली. कुड्याची मोठी पानं आली. आजीनं एक पान देवीच्या समोर मांडलं. मग एकेकाला बोलावलं. "आपल्या पानातला एक घास हिच्या पानावर. हाक मारली, दारात आली. उपाशी पाठवू नये."

"पाठवू नये म्हणजे?" कुंदाताई पुढे सरकल्या. "आजी, कुठे पाठवताय?"

"तिच्या घरी."

"असं असतं तुमच्यात? चौकातून देवीला परत..."

"आमच्यात नसतं. आमच्यात कुणी फुकट बोलवत नाय. आज करायचं."

मुलांनी घास ठेवले. कोणी चिमूटभर, कोणी मूठभर. मोटरसायकलवाल्यानं आपल्या वाट्याचा बटाटा ठेवला आणि तो पुन्हा एकदा बघून घेतला. सोमीनं घास ठेवला आणि देवीला सांगितलं, "गरम हाय."

मग आजी गाऊ लागली. लग्नातलं गाणं नव्हतं ते. लेक सासरी निघते तेव्हाचं असावं, किंवा कोणी पाहुणी गावाच्या वेशीपर्यंत पोचवताना गुणगुणावं तसं. शब्द कुंदाताईंना नीटसे लागले नाहीत. सूर मात्र एका जागी वर चढायचा, थोडा थांबायचा आणि मग हात सोडल्यासारखा खाली यायचा. मुलंही हळूहळू त्या थांबण्यापाशी थांबायला लागली.

गाता गाता आजीनं गेरूची वाटी ओढली. कालवलेल्या लाल मातीत फडकं बुडवलं.

कुंदाताई पुढे झाल्या. "आजी, नको! देवीवर... माझ्या ऋजुताचं..."

फडकं हवेत थांबलं. सूरही थांबला.

"काय ऋजुताचं?"

'तिचं नशीब पुसू नका' असं काहीतरी कुंदाताईंना म्हणायचं होतं. पण समोर सोमी उभी होती. आपलं मनगट अजून तिनं डाव्या हातात धरलेलं होतं, विसरल्यासारखं.

कुंदाताईंनी हात जोडले. आजीला की देवीला, कोणाला कळलं नाही. मग त्या बाजूला झाल्या.

फडकं भिंतीवर टेकलं. आजी घाईनं फिरवत नव्हती. न्हाऊ घातलेल्या बाळाचं अंग टिपावं तसं. आधी पावलं, मग हात, शेवटी चेहरा. कडेच्या वेलीला, सूर्याला, चंद्राला तिनं धक्का लावला नाही. आत मात्र सगळं लाल झालं. ओलं, चमकणारं लाल.

चौक राहिला. चौकात कोणी नाही.

कुंदाताईंना तिकडे बघवेना. त्यांच्या घरी असं रिकामं काही नसायचं. देव्हाऱ्यात बोट ठेवायला जागा नव्हती. सणाच्या रांगोळीत एखादा कोपरा मोकळा राहिला तर त्या तिथे चटकन एक फूल काढून टाकायच्या. ऋजुताशी फोनवर बोलताना ती गप्प झाली की त्याच बोलायला लागायच्या, तिथेही.

मुलं जेवली. हात धुऊन पुन्हा भिंतीपाशी जमली. मोकळा चौक सुकत आला होता.

"बाई, आता आत काय काढू?" मोटरसायकलवाल्यानं विचारलं.

कुंदाताईंच्या मनात लगेच उभं राहिलं. कमळ काढावं. नाहीतर तुळस. तुळशीला कोणाची हरकत नसेल. त्या बोलणार, तोच आजीनं तांदळाच्या पाण्यात बोट बुडवलं आणि ते त्यांच्या ओठांवर टेकवलं.

थंडगार, पांढरं बोट.

कुंदाताई तशाच उभ्या राहिल्या. मुलं त्यांच्या ओठांवरच्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत होती. कोणी हसलं नाही. आजी खाली बसली. हळूहळू मुलंही बसली. मग कुंदाताईही बसल्या, मुलांच्या मागे, जमिनीवर.

वेळ गेला... दारातून एक कोंबडी आत आली, देवीच्या पानावरची शितं टिपून गेली. तिला कोणी हाकललं नाही. आजी भिंतीकडे बघत होती, जणू समोर सगळं काही काढलेलं आहे.

मग सोमी उठली.

तिनं काडी घेतली. पाण्यात बुडवली, वाटीच्या काठावर निथळली. चौकापाशी गेली, पण आत नाही. खाली, पार खाली, भिंत जिथे जमिनीला मिळते तिथे, कोंबडीच्या आणि ताडाच्याही पलीकडे ती उकिडवी बसली. एक रेघ काढली. ती वाकडी गेली.

कुंदाताईंचा हात पुढे झाला. सोमीच्या मनगटाच्या दिशेनं.

मधेच थांबला.

त्यांनी तो मागे घेतला, दुसऱ्या हातात धरला आणि पदराखाली ठेवून दिला.

सोमीनं एक बाई काढली. अंगठ्याएवढी. एक हात लांब, एक आखूड. डोक्यावर काहीतरी, बोचकं असेल किंवा केस असतील. पायांपुढे तिनं ठिपके दिले, पाऊलवाटेसारखे, आणि ते थोडं वर जाऊन थांबले. चौक अजून कितीतरी लांब होता.

"ही कोण गं?" कुंदाताईंनी विचारलं. ओठ हलले तसा पांढरा ठिपका तडकला.

"ती येतेय."

"कुठे येतेय?"

सोमीनं काडीनं मोकळ्या चौकाकडे दाखवलं. "अजून वाटेत हाय."

"आणि पोचेल कधी?"

सोमीनं खांदे उडवले. इतकं साधं कसं कळत नाही, अशा चेहऱ्यानं ती कुंदाताईंकडे बघत राहिली. "तिला इचारा."

कितीतरी महिन्यांनी छातीवरचा हात कोणी उचलून घ्यावा, तसं कुंदाताईंना झालं. त्या सरकत सरकत पुढे गेल्या, वाकल्या, आणि त्या अंगठ्याएवढ्या बाईकडे बघत राहिल्या. आजी बघत होती तशाच. नाक भिंतीला लागेल इतक्या जवळून.

"दमली असेल," त्या हळूच म्हणाल्या.

"मधे झाड हाय ना," मोटरसायकलवाला म्हणाला. "बसेल की सावलीला. नायतर मी सोडीन तिला."

बाहेर खऱ्या मोटरसायकलचा आवाज आला. आजीचा नातू न्यायला आला होता. आजीनं गुडघ्यांवर हात टेकले आणि कण्हत उठली. हिरवी साडी कोपऱ्यात पडली होती. ती उचलून तिनं झटकली, घडी घातली. जुन्या घडीवर नाही, नवीन. आणि कुंदाताईंच्या हातात दिली.

"उन्हात टाक जरा. वास जाईल."

कुंदाताई तिच्यामागून उंबऱ्यापर्यंत आल्या. साडी छातीशी धरलेली.

"आजी... माझा नवस मग अर्धाच राहिला ना?"

बुधीआजी उंबऱ्यावर थांबली. सकाळी थांबली होती तशीच, एक पाय आत, एक बाहेर. आत मुलं भिंतीपाशी कुजबुजत होती, वाटेवरची बाई जागी होईल की काय, अशा बेतानं.

"घरी भिंत हाय ना तुझ्या?"

"आहे."

"गेरू?"

"मिळेल."

"मग तूबी काढ एक चौक. कडेनं सगळं भर. झाडं काढ, पाखरं काढ, तुझी तुळस काढ. मधे हात नको लावू... नुसती बस समोर, या पोरांवानी."